विमानाच्या दारापासून खोलीतल्या खाटेपर्यंत

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या संग्रामपूर तालुक्यात सत्तरी ओलांडलेली अशी पुष्कळ माणसे आहेत, की ज्यांनी पंढरपूर पाहिले, काशी पाहिली, शेगावला तर ती किती वेळा गेली याची मोजदाद नाही. पण समुद्र मात्र त्यांनी कधी पाहिलेला नाही. मुले पुण्या-मुंबईत नोकरीला लागली, हाती चार पैसे आले, की घरात विषय निघतो : यंदा आईबाबांना गोव्याला न्यायचे. मग ती मंडळी माझ्याकडे रक्तदाब तपासून घ्यायला येतात आणि विचारतात, ‘‘डॉक्टरसाहेब, विमानात काही होणार तर नाही?’’

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत दिलासा देणारे असते. प्रकृती स्थिर असलेल्या वृद्ध माणसाला दोन तासांच्या आतल्या विमानप्रवासाचा सहसा त्रास होत नाही. अलीकडेच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, मोठी शस्त्रक्रिया झाली असेल किंवा फुप्फुसाच्या आजारामुळे चार पावले चालताच धाप लागत असेल, तर मात्र आपल्या डॉक्टरांची स्पष्ट परवानगी घेतल्याशिवाय तिकीट काढू नये. विमानाच्या आतील हवेचा दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका असतो, आणि दुबळ्या फुप्फुसांना तो जाणवू शकतो.

तथापि, प्रवासाहून परतलेल्या वृद्धांच्या हकिकती इतकी वर्षे ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे, की खरी कसोटी विमान जमिनीला टेकल्यानंतर लागते. विमानाच्या दारापासून मुक्कामाच्या खोलीतल्या खाटेपर्यंतचे ते दोन-तीन तास! पहाटेपासूनचा थकवा, पोटात पुरेसे पाणी नाही, परकी गर्दी, बाहेरचा दमट उकाडा आणि सामानापाठी धावणारे कुटुंब या सगळ्या गोष्टी त्याच वेळी एकत्र येतात. चक्कर, पडणे, साखर घसरणे, गोंधळल्यासारखे होणे हे प्रकार याच टप्प्यात घडतात. आणि आपण नियोजन करतो ते तिकिटाचे आणि हॉटेलचे. या टप्प्याचे करत नाही. म्हणून आजचा लेख त्या टप्प्यासाठी.

दोन जळगावे आणि दोन विमानतळ

आमच्या भागात ‘जळगाव’ म्हटले की जळगाव जामोद, हे लहान मुलालाही ठाऊक असते. विमान मात्र मिळते ते जळगाव खान्देशला. केंद्राच्या ‘उडान’ योजनेखाली तेथून गोव्यासाठी ‘फ्लाय ९१’ या कंपनीची थेट विमानसेवा २०२४ मध्ये सुरू झाली. नांदुरा, मलकापूर, मुक्ताईनगर, भुसावळ असा मोटारीचा रस्ता धरला, तर संग्रामपूरहून जळगावला पोचायला तीन-साडेतीन तास हाताशी ठेवावेत. दुसरा मार्ग नागपूरचा. तो आपल्याला लांबचा पडतो. ज्यांना रेल्वेच सोयीची वाटते, त्यांच्यासाठी नागपूर–मडगाव विशेष गाडी शेगाव-मलकापूरमार्गे धावत आली आहे. परंतु तो एक अख्खा दिवस आणि वर काही तासांचा प्रवास आहे. विमान असो वा विशेष गाडी, त्यांचे वार आणि वेळा हंगामानुसार बदलतात. बेत ठरवण्यापूर्वी त्यांची खात्री करून घ्यावी.

घोटाळा होतो तो पुढच्या टोकाला. गोव्यात विमानतळ दोन आहेत. दाबोळीचा जुना विमानतळ वास्कोजवळ, नौदलाच्या ‘आयएनएस हंसा’ या तळावर आहे. मोपा येथील नवा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उत्तरेला, पेडणे तालुक्यातील सड्यावर आहे. मनोहर पर्रीकरांचे नाव दिलेल्या या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे प्रवासी विमाने उतरू लागली. रस्त्याने दोन्ही विमानतळांमध्ये सुमारे ६० किलोमीटरांचे अंतर आहे. तिकिटावर दाबोळीसाठी ‘जीओआय’ आणि मोपासाठी ‘जीओएक्स’ अशी तीन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. ती अक्षरे पाहूनच खोली ठरवावी, असे मी आग्रहाने सांगतो.

मोपाला उतरणाऱ्यांना हरमल, मांद्रे, मोरजी हे किनारे जवळ पडतात. कळंगुट-बागा आणि पणजी येथे पोचण्यास सुमारे एक तास धरावा. दाबोळीला उतरलात, तर कोलवा, बाणावली, मडगाव ही ठिकाणे तासाच्या आत आहेत. मोपाला उतरून थेट काणकोणातील पालोळे गाठायचे म्हणजे आडवा-उभा सगळा गोवा ओलांडायचा. तरुणांना त्याचे काही वाटणार नाही, पण पहाटे तीनला उठलेल्या ७५ वर्षांच्या माणसाची ती परीक्षाच होय. जळगावहून जाणारे विमान मोपाला उतरते. तेव्हा आपल्या भागातल्या ज्येष्ठांनी निदान पहिला मुक्काम तरी उत्तर गोव्यात करावा. दक्षिणेची देवळे आणि किनारे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ताजेतवाने झाल्यावर पाहता येतात.

दिवस निवडतानाही थोडा विचार हवा. नाताळापासून नववर्षापर्यंत गोव्यात माणसांचा पूर येतो; रांगा वाढतात, टॅक्सीसाठी वाट पाहावी लागते, भाडी चढतात. नोव्हेंबरचा उत्तरार्ध, तसेच जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी हा काळ ज्येष्ठांना मानवतो. विमान दुपारपर्यंत पोचणारे असावे. ज्यांना विस्मरणाचा आजार आहे, अशा माणसांचा गोंधळ संध्याकाळनंतर वाढतो. त्यांना अंधार पडल्यावर अनोळखी जागी नेणे टाळावे.

खुर्ची मागण्यात कमीपणा नाही

विमानतळावर चाकाची खुर्ची घ्या म्हटले, की आमच्याकडची वडीलधारी माणसे रागावतात. ‘‘मी काय लुळा-पांगळा हाय का?’’ असा सरळ प्रश्न येतो. ज्या माणसाने आयुष्यभर रानात बैलांमागे चालून दिवस काढले, त्याला दुसऱ्याने ढकललेल्या खुर्चीत बसणे लाजिरवाणे वाटावे, हे मी समजू शकतो. त्यांना मी एवढेच सांगतो : आपल्या गावात तुम्ही दहा मैल चालाल, पण तिथे सावलीत बसायला पार नाही, ओळखीचा माणूस नाही आणि मध्येच थांबायची मुभा नाही. पायांची ताकद किनाऱ्यावरच्या वाळूसाठी राखून ठेवा.

ही मदत विमान कंपनीकडून मिळते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार चालण्यास असमर्थ किंवा अशक्त प्रवाशांना कंपनीने साहाय्य द्यायचे असते. त्यासाठी तिकीट काढतानाच, निदान प्रवासाच्या ४८ तास आधी नोंद करावी. ही नोंद तीन प्रकारची असते आणि नेमकी इथेच बहुतेकांची चूक होते.

पहिला प्रकार ‘डब्ल्यूसीएचआर’. यातला प्रवासी पायऱ्या चढू-उतरू शकतो आणि आसनापर्यंत चालू शकतो. त्याला केवळ लांबचे अंतर चालवत नाही. दुसरा ‘डब्ल्यूसीएचएस’. हा प्रवासी सपाटीवर थोडे चालतो, पण त्याला पायऱ्या जमत नाहीत. तिसरा ‘डब्ल्यूसीएचसी’. याला थेट आसनापर्यंत न्यावे लागते. गुडघे झिजलेल्या आईसाठी मुलगा घाईघाईत पहिला प्रकार निवडतो आणि विमानाच्या पायऱ्यांशी आल्यावर सगळेच अडून बसतात. आपल्या घरातील माणसाला कठड्याच्या आधाराने दहा पायऱ्या उतरता येतात का, हे घरीच एकदा पाहावे आणि त्यानुसार नोंद करावी.

जळगाव-गोवा मार्गावरील विमान एटीआर जातीचे, पंख्यांचे, लहान असते. त्याचे प्रवाशांसाठीचे दार मागच्या बाजूला असते आणि त्याला जोडलेल्या थोड्याशा पायऱ्यांवरून चढ-उतार करावी लागते. म्हणून ज्येष्ठांसाठी मागच्या रांगेतील, मधल्या वाटेलगतचे आसन मागून घ्यावे. पायऱ्या अजिबात जमत नसतील, तर उताराची फळी किंवा माणसाला खुर्चीसह वर उचलणारे वाहन त्या दिवशी दोन्ही विमानतळांवर उपलब्ध असेल का, हे कंपनीला आधीच स्पष्ट विचारावे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही सेवा टर्मिनलच्या बाहेरच्या कडेपर्यंत असते. तिथे खुर्ची परत जाते. आपली गाडी समोर उभी नसेल, तर नुकताच खुर्चीतून उतरलेला माणूस उन्हात, सामानाशेजारी, आधाराविना ताटकळत राहतो. खुर्ची सोडायची ती गाडी डोळ्यांनी दिसल्यावरच. मदतनिसाला नम्रपणे तसे सांगितले, तर तो सहसा थांबतो.

पाणी : आपल्या तालुक्याची विशेष काळजी

पूर्णा नदीच्या दोन्ही काठांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात आणि त्याचा संबंध जमिनीखालच्या क्षारयुक्त पाण्याशी जोडला जातो, हे आपणांपैकी अनेकांना घरच्या अनुभवाने ठाऊक आहे. ज्याची मूत्रपिंडे आधीच थकलेली आहेत, त्याच्या शरीरातले पाणी थोडे कमी झाले तरी मोठी इजा होऊ शकते.

आणि प्रवासात वृद्ध माणसे नेमके हेच करतात. वाटेत लघवीला लागू नये, मुलाला गाडी थांबवावी लागू नये, म्हणून ती आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतात. विशेषतः आपल्या आया-मावश्या. रस्त्यावर स्वच्छ शौचालय मिळत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव आहे. त्यांना दोष कसा द्यावा? पुढे मोटारीत अवघडलेले गुडघे दुखू लागतात, म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी घेतली जाते. अपुरे पाणी, वेदनाशामक गोळी आणि रक्तदाबाची काही औषधे हे तिन्ही एकत्र आले, म्हणजे मूत्रपिंडांवर घाला पडतो. गुडघेदुखीसाठी प्रवासात घ्यायची गोळी आपल्या डॉक्टरांनाच विचारून ठरवावी. सर्वसाधारणपणे पॅरासिटामॉल हा तुलनेने सुरक्षित पर्याय असतो.

यावर उपाय साधा आहे. मोटार दर दीड तासाने थांबवायची, असे निघतानाच मोठ्याने जाहीर करावे. ‘‘आई, तुला जायचंय का?’’ असे विचारू नये. ती नाहीच म्हणेल. ‘‘मला चहा प्यायचाय, आपण सगळेच उतरू,’’ असे म्हणावे. त्या निमित्ताने पायही मोकळे होतात आणि पोटऱ्यांत रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. पाणी एकदम न पिता दर अर्ध्या तासाने चार-चार घोट घ्यावे. ज्यांना हृदयाच्या अशक्तपणामुळे किंवा डायलिसिसमुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी आपली मर्यादा पाळावी. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घ्यायची असेल, तर त्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. मनाने ती बंद करू नये.

मधुमेहींनी इन्सुलिन, गोळ्या, साखर तपासण्याचे यंत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत औषध ठेवू नये. बॅग उशिरा आली, तर औषधही उशिरा येते. पहाटे इन्सुलिन घेऊन न्याहारी चुकली, की साखर घसरते. म्हणून दशमी, शेंगदाण्याची चिक्की किंवा केळे सोबत असू द्यावे आणि खिशात साखरेच्या चार पुड्या असाव्यात.

विमान उतरल्यावर

विमान थांबताच सारे प्रवासी एकदम उठून उभे राहतात. ज्येष्ठांनी त्या घाईत पडू नये. सगळे उतरेपर्यंत बसावे, पायांचे पंजे वर-खाली वीस वेळा हलवावेत, मग आसनाच्या पाठीला धरून उभे राहावे आणि पहिले पाऊल टाकण्यापूर्वी मनात दहा अंक मोजावेत. दोन तास बसून एकदम उठल्यास रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे घेणाऱ्यांना याचा धोका अधिक असतो. अखेरीस उतरणाऱ्याचे काहीही नुकसान होत नाही. सामान यायला वेळ लागतोच.

आगमन कक्षात शिरल्यावर पहिले काम शौचालयाचे. सामान घेतल्यानंतर ते अवघड जाते, आणि एकदा गाडीत बसल्यावर तासभर सोय मिळेलच असे नाही. वृद्ध व्यक्तीने आतून कडी घट्ट लावू नये. सोबतचा माणूस दाराबाहेर थांबलेला असावा. त्यानंतर त्यांना सामानाच्या पट्ट्याजवळ, पण गर्दीपासून थोडे दूर खुर्चीवर बसवावे, अशा ठिकाणी की तुम्ही त्यांना दिसाल आणि ते तुम्हाला दिसतील. एकाच माणसाने सामान ओढायचे आणि वडिलांचा हातही धरायचा, हे जमत नाही. दोघे सोबती असतील, तर कामे वाटून घ्यावीत : एकाने फक्त माणूस सांभाळावा, दुसऱ्याने फक्त सामान. सोबती एकच असेल, तर सामानासाठी हमाल किंवा मदतनीस घ्यावा. ते पैसे वाया जात नाहीत.

प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात किंवा कमरेच्या बटव्यात एक कागद असावा. त्यावर नाव, सोबतच्या माणसाचा मोबाइल क्रमांक, मुक्कामाचे ठिकाण, आजार आणि चालू औषधे एवढे मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेले असावे. मोबाइल गर्दीत हरवतो किंवा त्याची बॅटरी संपते. कागदाला तसले काही होत नाही.

दाराबाहेरची हवा

विदर्भातल्या माणसाला उन्हाचा अभिमान असतो. ‘‘आम्ही ४५ अंश सोसतो, गोव्याचे ३२ अंश ते काय!’’ असे हसून म्हटले जाते. इथे शरीरशास्त्र थोडे समजून घ्यावे. आपल्याकडची उन्हाळ्याची हवा कोरडी असते. घाम येतो तसा वाळतो आणि वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने. समुद्रकाठच्या हवेत आधीच बाष्प भरलेले असते. तिथे घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि पाणी व मीठ मात्र निघून जाते. पावसाळ्यात माठातले पाणी गार होत नाही, हे आठवले म्हणजे उलगडा होईल. वृद्धांना घामही कमी येतो आणि तहानही कमी लागते. म्हणून ३२ अंशांतही त्यांना गळून गेल्यासारखे होऊ शकते.

विमानतळाच्या गार कक्षातून दाराबाहेर पाऊल टाकताच आणखी एक लहानशी गोष्ट घडते. चष्म्याच्या थंड काचांवर बाहेरच्या बाष्पाचे धुके धरते आणि क्षणभर काही दिसेनासे होते. नेमकी तिथेच पायरी किंवा उतार असतो. दारात थांबावे, चष्मा पुसावा, डोळ्यांना उजेडाची सवय होऊ द्यावी आणि मगच पुढे व्हावे. अंगावर सैल सुती कपडे असावेत. प्रवासात थंडी वाजेल म्हणून घातलेला स्वेटर आतच काढून ठेवावा. पायात मागे पट्टा असलेली, रबरी तळव्याची चप्पल असावी. नवी कोरी चप्पल या दिवशी काढू नये.

गुंगी आल्यासारखे वाटणे, मळमळ, डोके जड होणे, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसल्यास पुढे जाण्याचा हट्ट धरू नये. पुन्हा आत गारव्यात न्यावे, आडवे करून पाय थोडे उंच ठेवावेत, शुद्धीवर असल्यास घोट-घोट पाणी द्यावे आणि मधुमेही असल्यास साखर तपासावी. अंग तापलेले आहे आणि शुद्ध हरपत आहे असे दिसल्यास तो उष्माघात समजावा. अंग ओले करावे, वारा घालावा आणि विमानतळावरच्या वैद्यकीय मदतीला तत्काळ बोलवावे.

गाडी कोणती, बसावे कसे

पुण्या-नागपुरात मोबाइलवर बोट टेकले की ओला-उबर दारात येते. गोव्यात या कंपन्यांच्या टॅक्सी मिळत नाहीत, हे अनेकांना तिथे पोचल्यावरच कळते. तिथे ‘गोवा माइल्स’ ही मोबाइलवरून मागवायची सेवा आहे आणि विमानतळावर आगाऊ पैसे भरून टॅक्सी घेण्याची खिडकीही आहे. भाडे आणि ठिकाण लिहिलेली पावती हातात घ्यावी. उत्तम पर्याय म्हणजे ज्या हॉटेलात उतरायचे, त्यांच्याकडूनच गाडी मागवावी. चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक आणि भेटायची नेमकी जागा आदल्या संध्याकाळी फोनवर विचारून कागदावर लिहून घ्यावी. ‘‘बरोबर वृद्ध माणूस आहे, गाडी दाराशी आणा,’’ असे आधीच सांगितले, तर चालक मनावर घेतात.

कदंब परिवहन महामंडळाच्या बसगाड्याही मोपा आणि दाबोळी येथून पणजी, मडगाव, कळंगुट अशा ठिकाणी जातात. त्या स्वस्त आणि चांगल्या आहेत. परंतु बसच्या थांब्यापासून हॉटेलपर्यंत पुन्हा दुसरे वाहन घ्यावे लागते. धडधाकट ज्येष्ठांनी तिने जरूर जावे. ज्यांना चालताना आधार लागतो, त्यांच्यासाठी टॅक्सीच बरी.

उंच गाड्या पाहायला रुबाबदार असतात, पण त्यात चढताना दुखऱ्या गुडघ्याला वर उचलावे लागते. फार ठेंगण्या मोटारीतून उठताना कंबर धरते. बसल्यावर गुडघे काटकोनात राहतील, अशी मध्यम उंचीची गाडी चांगली. बसण्याची रीत अशी : आधी गाडीकडे पाठ करावी, आसनाचा स्पर्श पायांच्या मागे लागेपर्यंत मागे सरकावे, मग बसावे आणि शेवटी दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. उतरताना नेमके उलट. दोन्ही पाय बाहेर जमिनीवर टेकल्यावरच उठावे. एक पाय आत, एक बाहेर आणि शरीराला पीळ, अशा अवस्थेत तोल जातो. पुढचे आसन ज्येष्ठांना द्यावे. तिथे पाय लांब करता येतात आणि वळणांवर मळमळही कमी होते. पट्टा मात्र लावायलाच हवा.

मळमळीवर दिली जाणारी गुंगीची गोळी वृद्धांना सहजासहजी देऊ नये. तिने लघवी तुंबू शकते, भ्रम होऊ शकतो आणि रात्री उठताना पाय लटपटतो. खिडकी थोडी उघडी ठेवणे, दूरवर नजर ठेवणे आणि पोट अगदी रिकामे किंवा अगदी भरलेले नसणे, एवढ्यावर बहुतेकांचे भागते.

खोलीत शिरल्यावर

खोली तळमजल्याची किंवा उद्वाहक असलेल्या इमारतीतील असावी, हे आरक्षण करतानाच ठरवून टाकावे. आत शिरल्यावर बॅगा उघडण्यापूर्वी न्हाणीघर पाहावे. फरशी निसरडी आहे का, आधाराला दांडी आहे का, रात्री दिवा कुठून लागतो, हे वृद्ध माणसाला स्वतः करून पाहू द्यावे. अनोळखी खोलीतली पहिली रात्र पडण्याच्या दृष्टीने सर्वांत जोखमीची असते. न्हाणीघराचा दिवा रात्रभर चालू ठेवावा.

त्या दिवशी दुसरा कोणताही कार्यक्रम नको. ताक किंवा लिंबूपाणी, हलके जेवण, वेळेवर औषधे आणि दोन तासांची झोप, एवढेच काम. समुद्र दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो.

अडचण आलीच, तर गोव्यातही १०८ हाच रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे. उत्तर गोव्यात म्हापसा येथे आणि दक्षिणेत मडगाव येथे जिल्हा रुग्णालये आहेत. पणजीजवळ बांबोळी येथे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. या संस्थेचे मूळ १८४२ साली पोर्तुगीज अमदानीत स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेत आहे. आशियातील जुन्या वैद्यकीय शिक्षणसंस्थांत तिची गणना होते. आपल्या मुक्कामापासून यांपैकी जवळचे कोणते, हे त्या कागदावर लिहून ठेवावे.

सोबतीच्या माणसासाठी शेवटचे

हे सारे वाचून एखाद्याला वाटेल, की एवढी यातायात करण्यापेक्षा आईबाबांना घरीच राहू द्यावे. माझे मत तसे नाही. म्हातारपणी माणसाचे जग हळूहळू ओसरीपुरते उरते. ते थोडे रुंदावले, तर मन उभारी धरते, भूक लागते, झोप लागते. हे मी अनेक घरांत पाहिले आहे. वर सांगितलेल्या गोष्टींपैकी बहुतेकींना पैसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि सावकाश चालण्याची तयारी.

वृद्ध माणूस क्वचितच स्वतःच्या वेगामुळे पडतो. बहुधा तो दुसऱ्यांच्या वेगामुळे पडतो. मुलगा पुढे बॅगा घेऊन झपाझप चाललेला असतो, आपल्यामुळे खोळंबा होऊ नये म्हणून आई पाय उचलते, आणि तिथेच घात होतो. म्हणून विमानतळावर ज्येष्ठांना पुढे चालू द्यावे आणि आपण त्यांच्या एक पाऊल मागे, त्यांच्या अशक्त बाजूला राहावे. मग सगळ्या कुटुंबाची चाल आपोआप त्यांच्या चालीइतकी होते. तशी ती झाली, की निम्मी काळजी मिटली असे समजावे.